अडीच फुटी टॉवेल

अमेरिकन लष्करातल्या एका जवानाच्या पोटावर लष्करी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. पुढे तो सैन्यातून मोकळा झाला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठ महिन्यांनी त्याचं पोट पुन्हा उघडावं लागलं आणि आतून एक टॉवेल निघाला. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. त्यावर अक्षरं छापलेली होती : ‘मेडिकल डिपार्टमेंट, यू. एस. आर्मी’.

चूक कोणाची, हे सांगायला इथे तज्ज्ञ साक्षीदाराची गरज नव्हती. खालच्या कोर्टानेही पुरावा तपासला आणि निष्काळजीपणा झाल्याचं नोंदवलं. तरी त्या माणसाला एक डॉलरही मिळाला नाही. ४ डिसेंबर १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सेवेत असताना आणि सेवेच्या ओघात सैनिकाला जी इजा होते, तिच्यासाठी त्याला सरकारवर दावा लावता येत नाही. टॉवेल बाहेर निघाला तेव्हा हा माणूस साधा नागरिक होता. पण टॉवेल आत गेला तेव्हा तो सैनिक होता, आणि कोर्टाने तोच क्षण धरला.

लष्करी इस्पितळ आणि माजी सैनिकांचं सरकारी इस्पितळ यांत कायद्याने आखलेली रेघ नेमकी कुठे आहे, ते या टॉवेलवरून कळतं. आज ‘व्हेटरन्स अफेअर्स’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘व्हीए’, हे खातं सुमारे १७० मोठी इस्पितळं आणि हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रं चालवतं. सुमारे नव्वद लाख माजी सैनिकांची नावं तिथे नोंदलेली आहेत. इतक्या मोठ्या पसाऱ्यात चुका होणारच. चूक झाल्यावर त्या माणसापुढे कोणती दारं उघडी असतात आणि ती किती अरुंद असतात, ते या प्रकरणात पाहू.

मुळात सरकारवर दावा लावता येणं हीच तशी अलीकडची गोष्ट. राजा चुकत नाही, ही जुनी इंग्रजी समजूत अमेरिकेने राजाला हाकलून दिल्यावरही जपून ठेवली. सरकारी गाडीने कुणाला उडवलं किंवा सरकारी डॉक्टरने कुणाला पंगू केलं, तर एकच उपाय होता : आपल्या भागातल्या खासदाराचे उंबरे झिजवायचे आणि एकट्या आपल्यापुरतं भरपाईचं विधेयक काँग्रेसमध्ये मांडून घ्यायचं. अशा विधेयकांचा ढीग वर्षानुवर्षं साचत होता, आणि हे बदलायची चर्चाही तितकीच जुनी होती. २८ जुलै १९४५ च्या धुकट सकाळी लष्कराचं एक बी-२५ बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ७९ व्या मजल्याजवळ जाऊन आदळलं. चौदा माणसं गेली. पुढच्याच वर्षी ‘फेडरल टॉर्ट क्लेम्स अ‍ॅक्ट’ मंजूर झाला आणि १ जानेवारी १९४५ पासून मागे जाऊन लागू करण्यात आला. खासगी माणसाने केलेल्या ज्या निष्काळजीपणाची भरपाई त्या राज्याच्या कायद्याने मिळाली असती, तीच भरपाई आता केंद्र सरकारकडूनही मागता येऊ लागली.

टॉवेलचा निकाल आला तेव्हा या कायद्याला चार वर्षं झाली होती. माजी सैनिकांना त्याचा आडोसा आहे की नाही, हे ठरायला आणखी चार वर्षं लागली. ब्राऊन नावाच्या एका सैनिकाचा डावा गुडघा सेवेत असताना दुखावला आणि त्याच कारणाने १९४४ मध्ये तो सन्मानाने निवृत्त झाला. १९५० मध्ये व्हीएच्या इस्पितळात गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण गुडघा निखळतच राहिला. १९५१ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. रक्त अडवायला मांडीला जो पट्टा आवळतात, तो सदोष होता असं त्याचं म्हणणं होतं. पायाच्या नसा कायमच्या गेल्या. सरकारने तोच जुना बचाव केला : मूळ दुखापत सेवेतली, म्हणून दावा बाद. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गुडघा सेवेत दुखावला असेल, पण नसा गेल्या त्या गणवेश उतरवल्यावर, आणि निष्काळजीपणाही तेव्हाचाच. तीन न्यायमूर्तींचा विरोध होता, तरी दावा टिकला. व्हीएच्या इस्पितळावर दावा लावणारा प्रत्येक माजी सैनिक आजही ब्राऊनच्या त्या गुडघ्याच्या आधारावर उभा असतो.

सेवेतल्या जवानांना मात्र त्या टॉवेलखालून बाहेर यायला २०१९ साल उजाडलं. त्या वर्षी काँग्रेसने लष्करी इस्पितळातल्या हलगर्जीपणाबद्दल संरक्षण खात्याकडे भरपाई मागायची मुभा दिली. तीही खात्याकडेच, कोर्टात जाता येत नाहीच.

आता दार उघडं आहे म्हणावं, तर उंबरठ्यावरच एक कागद आडवा येतो. ‘स्टँडर्ड फॉर्म ९५’. दोनच पानं. व्हीएविरुद्ध थेट कोर्टात जाता येत नाही; आधी हा अर्ज खात्याकडे द्यावा लागतो. त्यात काय घडलं ते लिहायचं, साक्षीदारांची नावं द्यायची, इजेचं स्वरूप सांगायचं. आणि बाराव्या रकान्यात आकडा टाकायचा. मालमत्तेचं नुकसान, शारीरिक इजा, मृत्यू, आणि शेवटी एकूण. ‘कोर्टाला योग्य वाटेल ती भरपाई’ अशी आपल्याकडच्या अर्जांतली पळवाट तिथे चालत नाही. नेमका आकडा नसेल, तर कायद्याच्या लेखी अर्ज दिलाच गेलेला नसतो. कमी आकडा लिहिला, तर पुढे कोर्टात त्याहून जास्त मागता येत नाही. आधी कळणं शक्यच नव्हतं असं काही नवं पुढे आलं, तरच त्यातून सूट. ज्या माणसाला आपला पाय राहणार की जाणार हे अजून ठाऊक नाही, त्याने उरलेल्या आयुष्याची किंमत एका चौकोनात लिहायची असते.

दाव्याचं कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत हा अर्ज खात्याच्या हाती पडावा लागतो; मुदतीच्या आत टपालात टाकला एवढ्याने भागत नाही. मग खात्याला सहा महिने मिळतात. खात्याने नकार कळवला, तर तेव्हापासून सहा महिन्यांत फेडरल कोर्टात जायचं. सहा महिने उलटून खातं गप्पच राहिलं, तर तो नकार समजून पुढे जाता येतं. कोर्टात ज्यूरी नसते, न्यायाधीश एकटेच निवाडा देतात. शिक्षा म्हणून वाढीव दंडाची भरपाई मिळत नाही. प्रतिवादी डॉक्टर नसतो, खुद्द अमेरिकेचं सरकार असतं. वकिलाची फी कायद्यानेच बांधलेली आहे : अर्जाच्या पातळीवर तडजोड झाली तर रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, खटला दाखल झाल्यावर २५ टक्क्यांपर्यंत. माजी सैनिकाच्या हाती जास्त पैसे राहावेत म्हणून ही मर्यादा आहे आणि हेतू चांगलाच आहे. पण वैद्यकीय खटल्यात तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षी काढाव्या लागतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे लहान रकमेची, पण खरी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला वकील मिळणंच जड जातं.

दोन वर्षांचं घड्याळ कधी सुरू होतं, हा या सगळ्यातला सर्वांत दुखरा प्रश्न. पेन्सिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे इथल्या व्हीए इस्पितळात १९६८ च्या एप्रिलमध्ये क्युब्रिक नावाचा एक माजी सैनिक दाखल झाला. उजव्या मांडीच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी जखम निओमायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणाने बरेच दिवस धुतली. संसर्ग गेला, माणूस घरी गेला. सुमारे दीड महिन्याने कानांत आवाज येऊ लागला, मग ऐकू येणं कमी झालं. निओमायसिन कानाच्या नसेला घातक ठरू शकतं. जानेवारी १९६९ मध्ये एका कानतज्ज्ञाने त्याला सांगितलं, की बहिरेपणाचं कारण ते औषध असण्याची दाट शक्यता आहे.

त्याने व्हीएकडे अपंगत्वाच्या भरपाईसाठी अर्ज केला. व्हीएने तो नाकारला. तो यंत्रावर काम करणारा कारागीर होता. खात्याचं म्हणणं असं, की एका डॉक्टरने बहिरेपणाचा संबंध त्याच्या जुन्या कामाशी जोडला आहे. जून १९७१ मध्ये हा माणूस त्या डॉक्टरला जाऊन भेटला. डॉक्टर म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. बहिरेपण निओमायसिनमुळेच आलं, आणि ते अशा रीतीने वापरायलाच नको होतं. आपल्याला जे झालं ते नशीब नव्हतं, चूक होती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३ लाख २० हजारांहून अधिक डॉलर मंजूर केले.

१९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. बहुमताने ठरलं, की इजा आणि तिचं कारण कळलं की घड्याळ सुरू. चूक झाली हे कळायची वाट ते पाहत नाही. क्युब्रिकला औषधाचा संशय जानेवारी १९६९ मध्ये कळला होता, म्हणून मुदत जानेवारी १९७१ ला संपली. खरं काय ते त्याला कळलं त्याच्या पाच महिन्यांनंतर. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की कारण कळलेला माणूस इतर डॉक्टरांना विचारू शकतो, वकिलाकडे जाऊ शकतो. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. दहा-वीस वर्षांनी जुने दावे उकरले जाऊ नयेत, हे बरोबर आहे. पण इथे त्याची वाट चुकवली होती ती खात्याच्याच उत्तराने. तिघा न्यायमूर्तींनी विरोधात मत नोंदवलं. पुढे २०१५ मध्ये न्यायालयाने एवढं मान्य केलं, की ही मुदत दगडावरची रेघ नाही आणि असाधारण परिस्थितीत कोर्ट ती शिथिल करू शकतं. क्युब्रिकचा नियम मात्र आजही कायम आहे.

त्याच माणसाचं दुसरं अपील, भरपाईच्या अर्जाचं, व्हीएच्याच अपील मंडळाने मात्र मान्य केलं होतं. हा दुसरा रस्ता कमी लोकांना ठाऊक असतो, आणि माझ्या मते सामान्य माजी सैनिकाला तोच जास्त उपयोगाचा आहे. कायद्यातल्या कलमाच्या आकड्यावरून त्याला ‘११५१ चा दावा’ म्हणतात. व्हीएच्या उपचारामुळे नवं अपंगत्व आलं किंवा असलेलं वाढलं, तर ते सेवेतच आलं असं समजून दरमहा भत्ता द्यायचा, असं हे कलम सांगतं. त्याला मुदत नाही, फक्त इजा झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर भत्ता इजेच्या तारखेपासून मिळतो, उशीर केला तर अर्जाच्या तारखेपासून. अर्ज करायला वकील लागत नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी विनामूल्य मदत करतात.

इथेही चूक सिद्ध करावी लागते का, यावर मोठा वाद झाला. कोरियन युद्धात लढलेल्या गार्डनर नावाच्या माजी सैनिकाची व्हीएमध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि डावी पोटरी, घोटा आणि पाऊल दुखू लागलं, त्यांतली ताकद गेली. व्हीए म्हणालं, आमची चूक दाखवा. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणालं, कलमात ‘चूक’ हा शब्दच नाही. तुम्ही तो नियमांत घुसडलात. साठ वर्षं चालत आलेली अट एका निकालात गेली. काँग्रेसने मग १९९६ मध्ये कायदाच बदलला, आणि १ ऑक्टोबर १९९७ पासून एकतर निष्काळजीपणा, नाहीतर अजिबात अपेक्षित नसलेली घटना, यांपैकी एक दाखवणं सक्तीचं झालं. म्हणून संमतीपत्राला इतकं महत्त्व आलं. धोका त्यात छापलेला असेल आणि सही असेल, तर ती घटना ‘अपेक्षित’ ठरू शकते. दोन्ही रस्ते एकदम धरता येतात, पण खटल्यात रक्कम मिळाली, की तेवढी वसूल होईपर्यंत मासिक भत्ता थांबतो.

पहिल्या रस्त्यावर, म्हणजे खटल्याच्या, आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात पुष्कळ जण पडतात. व्हीएच्या इमारतीत, व्हीएच्या कोटात समोर बसलेला डॉक्टर कधी कधी व्हीएचा नोकर नसतो, कंत्राटी असतो. बाहेरच्या खासगी डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय २०१८ च्या कायद्याने वाढवली, तेव्हापासून हे आणखी घडतं. कंत्राटदाराच्या चुकीबद्दल केंद्र सरकार जबाबदार नसतं. त्याच्यावर राज्याच्या कोर्टात दावा लावावा लागतो. राज्यांच्या मुदती वेगळ्या, काही ठिकाणी दोन वर्षांहूनही कमी. माणूस इमानदारीने फॉर्म ९५ भरतो, उत्तराची वाट पाहतो. उत्तर येतं, की तो डॉक्टर आमचा नव्हता. तोवर राज्यातली मुदत उलटून गेलेली असू शकते.

टॉवेलची गोष्ट अमेरिकेत संपत नाही. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला मुलगा झाला, १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागलं, ताप चढला. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत टॉवेल होता. २४ तारखेला ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कारणांतलं एक कारण वाचून मी थबकलो : इस्पितळ चालवणं हा राज्याच्या सार्वभौम सत्तेचा भाग आहे, म्हणून सरकार जबाबदार नाही. ज्या राजाला अमेरिकेने १९४६ मध्ये गादीवरून उतरवलं, तो इथे अजून बसलेला होता. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं नाकारलं आणि ३६ हजारांचा हुकूमनामा पुन्हा उभा केला. पोटात टॉवेल राहिला हीच गोष्ट निष्काळजीपणा सांगते, वेगळ्या पुराव्याची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. आईच्या मृत्यूला तेव्हा बत्तीस वर्षं उलटली होती.

आपल्या माजी सैनिकांसाठी सर्वांत महत्त्वाचा निकाल २६ सप्टेंबर २०२३ चा आहे. ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात, जुलै २००२ मध्ये, हवाई दलातल्या एका जवानाला सांबाच्या लष्करी इस्पितळात रक्त चढवण्यात आलं. २०१४ मध्ये तो आजारी पडला आणि एचआयव्हीचं निदान झालं. वैद्यकीय मंडळांनी त्याचा संबंध त्या रक्ताशी जोडला. तरी नोकरी गेली आणि ग्राहक आयोगाने भरपाई नाकारली. कागदपत्रं मिळवायलाही त्याला झगडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर दोघांना जबाबदार धरून सुमारे १ कोटी ५४ लाख रुपये मंजूर केले. सेवेचा भाग म्हणून मिळणारा उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हेही त्यात स्पष्ट झालं. आपल्याकडेही ग्राहक आयोगात जायची मुदत दोनच वर्षांची आहे. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. साताऱ्यातल्या, सांगलीतल्या ज्या घरांत भिंतीवर गणवेशातला फोटो आहे, तिथे हा नियम माहीत असायला हवा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळा केसपेपर नव्हे; औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणं, रक्ताच्या पिशवीचा नंबर, हे सारं वेगळं मागावं लागतं.

या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट मला सारखी टोचते. काय चुकलं, हे पहिल्यांदा इस्पितळाला कळतं. रुग्णाला सगळ्यांत शेवटी, आणि कधी कधी कळतच नाही. अर्कान्सासमधल्या फेएटव्हिल इथल्या व्हीए इस्पितळात पॅथॉलॉजी विभागाचा प्रमुख नशेत काम करत होता. त्याची नशा नेहमीच्या तपासणीत सापडत नव्हती. त्याने पाहिलेले सुमारे ३४ हजार नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ३ हजारांहून अधिक चुका निघाल्या. २०२१ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. काचपट्टीवरचा आपला नमुना कोण पाहतो, हे रुग्णाला कधी दिसत नाही. कर्करोग नाही म्हणून आनंदाने घरी गेलेल्या माणसाला त्या कागदावर संशय यावा तरी का? खात्याने स्वतः शोधून पत्रं पाठवली, तेव्हाच लोकांना कळलं.

केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या व्हीए इस्पितळाने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९८०च्या दशकाच्या मध्याला तिथे दोन खटले हरून पंधरा लाखांहून अधिक डॉलर द्यावे लागले होते. इस्पितळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी स्टीव्ह क्रामन आणि तिथल्या वकील जिनी हॅम यांनी १९८७ पासून एक धोरण धरलं : चूक सापडली की आपणच सांगायचं. एका रुग्ण बाईचा मृत्यू इस्पितळाच्या चुकीमुळे झाल्याचं त्यांच्याच तपासात निघालं. तिच्या मुलींना कसलाही संशय नव्हता. दाव्याचा प्रश्नच उद्भवला नसता. दोघांनी १९९९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आपला हिशोब छापला, तेव्हा दिसलं, की सात वर्षांत ८८ दावे निघाले, पण प्रत्येकी सरासरी भरपाई पंधरा-सोळा हजार डॉलरच्या आसपासच राहिली. पुढे सगळ्या व्हीए इस्पितळांनी अशी चूक सांगण्याचं धोरण स्वीकारलं.

त्या मुलींना इस्पितळातून फोन गेला होता. वकील घेऊन या, असं सांगण्यात आलं. त्या आल्या, आणि तुमची आई आमच्या चुकीने गेली, हे त्यांना समोर बसवून सांगण्यात आलं.